विश्लेषण : कारच्या स्पीकरमागे लिहिलेला ‘ओहम’ कोण होता? अ‍ॅम्प्लिफायर किती करंट ओढेल, हे त्याच्यामुळे कसे कळते?

कारमध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसवताना खोक्यावरचे वॅट पाहिले जातात. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या वायरकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वायर बारीक पडली की आधी आवाज दबतो, मग वायर तापते आणि वेळीच फ्यूज उडाला नाही तर आग लागण्याचीही भीती असते. वायरची लांबी आणि जाडी यांचा करंटशी नेमका काय संबंध आहे, हे सुमारे २०० वर्षांपूर्वी जर्मनीतील एका शाळाशिक्षकाने शोधले. त्याचे नाव आज प्रत्येक स्पीकरच्या मागे ‘४ ओहम’ असे छापलेले असते.

कोण होते गेओर्ग ओहम?

गेओर्ग सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. शाळेत फारसे न शिकलेल्या या माणसाने स्वतःच्या बळावर गणित आणि विज्ञान आत्मसात केले आणि गेओर्ग व मार्टिन या दोन्ही मुलांना घरीच शिकवले. गेओर्ग दहा वर्षांचे असताना आई गेली. पुढे मार्टिन गणितज्ञ म्हणून नावारूपाला आले.

गेओर्ग १८०५ मध्ये एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाले, पण नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमले. मुलगा संधी वाया घालवतो आहे, हे वडिलांना सहन झाले नाही. शिक्षण थांबले आणि गेओर्ग स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागले. १८११ मध्ये परत येऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली, मात्र विद्यापीठातल्या तुटपुंज्या कमाईवर भागेना. पुन्हा शाळेतली नोकरी पत्करावी लागली.

शोध नेमका कसा लागला?

१८१७ मध्ये ओहम कलोन येथील शाळेत रुजू झाले. तिथे भौतिकशास्त्राची चांगली प्रयोगशाळा होती. वेगवेगळ्या लांबीच्या तारांमधून वीज किती वाहते, हे ते मोजू लागले. अडचण बॅटरीची होती. त्या काळच्या बॅटरीचा दाब प्रयोग सुरू असतानाच घसरत असे, त्यामुळे १८२५ मध्ये त्यांनी मांडलेले सूत्र चुकीचे निघाले.

मग संपादक-भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. बिस्मथ आणि तांबे यांचे दोन सांधे केले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. तापमानातील या फरकामुळे स्थिर दाबाची वीज मिळाली. एकाच जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून, टांगलेली चुंबकसूची किती वळते यावरून त्यांनी करंट मोजला. १८२६ मध्ये चित्र स्पष्ट झाले : दाब वाढला की करंट त्याच प्रमाणात वाढतो, रोध वाढला की त्याच प्रमाणात घटतो. तार लांब असेल तर रोध जास्त, जाड असेल तर कमी. शिवाय केवळ तारेचाच नव्हे, तर संपूर्ण परिपथाचा रोध धरावा लागतो.

कारमध्ये हा हिशेब कसा लागू होतो?

पहिली पायरी अ‍ॅम्प्लिफायरची. समजा, त्याची आरएमएस क्षमता ४०० वॅट आहे. तो ‘क्लास डी’ प्रकारचा आणि ८० टक्के कार्यक्षम असेल, तर त्याला पूर्ण आवाजात ५०० वॅट लागतील. इंजिन सुरू असताना दाब १४ व्होल्ट धरला, तर ५०० भागिले १४ म्हणजे सुमारे ३६ अँपिअर. जुन्या ‘क्लास एबी’ प्रकारात कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर हाच आकडा ५७ अँपिअरवर जातो. गाणे सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, त्यामुळे सरासरी करंट बराच कमी असतो. वायर मात्र मोठ्या आकड्यासाठीच निवडावी लागते.

दुसरी पायरी वायरची, आणि इथे ओहम यांचा नियम थेट कामाला येतो. घरात एसीसाठी वापरतात तशी ४ चौरस मिलिमीटरची ५ मीटर तांब्याची वायर घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.०२१५ ओहम भरतो. ३६ अँपिअरला तिच्यातच पाऊण व्होल्टहून अधिक दाब खर्च होतो आणि सुमारे २८ वॅट उष्णता तयार होते. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हीच घट ०.२ व्होल्टच्या आत राहते आणि उष्णता ७ वॅटवर येते. वायरमधल्या या उष्णतेचे सूत्र इंग्लंडच्या जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास मांडले. त्यात करंटचा वर्ग येतो, म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणूनच फ्यूज बॅटरीजवळच लावायचा आणि तो वायरला झेपेल एवढ्याच क्षमतेचा घ्यायचा.

शोधाचे स्वागत का झाले नाही?

ओहम यांनी अर्ध्या पगारावर रजा घेऊन बर्लिन गाठले आणि १८२७ मध्ये आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. त्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांची आशा होती. पण विजेच्या प्रयोगांना गणिताच्या चौकटीत बसवण्याची पद्धत तेव्हाच्या अनेक जर्मन अभ्यासकांना रुचली नाही. काहींनी कडक टीका केली, बहुतेकांनी दुर्लक्ष केले. १८२८ मध्ये ओहम यांनी कलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये गणित शिकवून गुजराण केली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत त्यांना जागा मिळाली.

मान्यता कधी मिळाली?

ती आधी परदेशातून आली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना मानाचे कोप्ले पदक दिले. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. हवे असलेले पद त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभले.

१८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट आणि अँपिअर यांच्याबरोबर ओहम हे रोधाचे एकक म्हणून स्वीकारले. अ‍ॅम्प्लिफायरचा हिशेब आजही याच तीन नावांवर चालतो.