वेश आणि स्वत्व : बाबासाहेबांच्या जीवनातील वस्त्रांचा धडा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपण सहसा विद्वत्ता, संघर्ष, राज्यघटना आणि धम्मदीक्षा या चार अंगांनी अभ्यासतो. स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या जीवनाचे एक दुर्लक्षित अंग वाचकांसमोर ठेवू इच्छितो. ते आहे वेशभूषेचे. कोट, टाय, चष्मा आणि हाती संविधान ही मूर्ती लिंबागणेश परिसरातील मूल अक्षरओळख होण्यापूर्वीच ओळखू लागते. या वेशामागे केवढा इतिहास उभा आहे, हे मात्र त्याला कोणीतरी सांगावे लागते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. लष्करी शिस्तीमुळे घरात स्वच्छता, टापटीप आणि विद्येची ओढ होती. परंतु साताऱ्याच्या शाळेत हाच नीटनेटका मुलगा इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे. गावातील न्हावी त्याच्या केसांना हात लावत नसे, म्हणून थोरली बहीणच भावांचे केस कापी. आपले शरीर इतरांना स्पर्शायोग्य वाटत नाही, ही जाणीव कोवळ्या वयात किती खोल जखम करते, याची कल्पना करणेही कठीण आहे.

1901 सालचा एक प्रसंग बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवला आहे. वडील नोकरीनिमित्त गोरेगाव येथे होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे म्हणून भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले अशी सारी हरखून गेली होती. प्रवासासाठी विलायती कापडाचे नवे सदरे, चमकदार कलाकुसरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे आणि नवे जोडे असा थाट होता. मसूर स्थानकावर उतरल्यावर न्यायला कोणी आले नव्हते. पोशाख पाहून स्टेशनमास्तरांनी ही ब्राह्मणांची मुले असावीत असे मानले आणि आपुलकीने चौकशी केली. मुलांनी निरागसपणे आपली जात सांगताच त्यांचा चेहरा पालटला. मुले तीच आणि कपडेही तेच होते. एका शब्दाने पाहणाऱ्याची दृष्टी बदलली. पुढे दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली. सोबत अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही आणि मुलांनी रात्र उपाशी काढली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे मांडले होते की, माणसाच्या ‘मी’मध्ये त्याच्या देहाबरोबर त्याची वस्त्रेही सामावलेली असतात. म्हणूनच वस्त्राचा अपमान हा ‘मी’चा अपमान ठरतो. दीर्घकाळ तो सोसावा लागला, तर पाहणाऱ्याची तुच्छ नजर हळूहळू आपल्याच मनात वस्तीला येते आणि माणूस स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागतो. जातिव्यवस्थेने हे मर्म पुरते ओळखले होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी प्रेतावरची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने सांगितले आहेत. माणूस दिसताक्षणी त्याची पायरी कळावी, आणि ती त्यालाही क्षणभर विसरता येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. इंदूर भागातील बलाई समाजावर सवर्णांनी जरीकाठी पागोटी आणि रंगीत काठांची धोतरे न वापरण्याचे निर्बंध लादले होते. स्त्रियांना सोन्याचांदीचे दागिने वर्ज्य केले होते. बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलन’ या विख्यात भाषणात हे उदाहरण नोंदवले.

1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि तेथून लंडनला गेले. परदेशात शिष्यवृत्तीचे पैसे त्यांनी काटकसरीने वापरले, पोटाला चिमटा घेतला, पण ग्रंथ विकत घेतले. 1917 साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा अंगावर विलायती पोशाख आणि गाठीशी जगद्विख्यात विद्यापीठाचे शिक्षण होते. तरीही राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी वसतिगृहात आश्रय घ्यावा लागला आणि ओळख उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मसूरला टोपी कामी आली नाही, बडोद्याला कोट कामी आला नाही. वेश बदलल्याने जात विरघळत नाही, हा अनुभव त्यांनी दोनदा घेतला होता.

मग वेशाला त्यांनी महत्त्व का दिले? याचे उत्तर महाडला मिळते. 25 डिसेंबर 1927 रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या काळात बाबासाहेबांनी खास स्त्रियांना उद्देशून भाषण केले. लुगडे नेसण्याची आखूड पद्धत आणि गळ्यात-हातांत घातलेले हलक्या धातूंचे जड दागिने यांवरून अस्पृश्य स्त्री दुरूनच ओळखू येई. या खुणा टाकून द्या, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. तेथल्या तेथे अनेक स्त्रियांनी लुगडी नेसण्याची पद्धत बदलली आणि सवर्ण सुधारकांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना साहाय्य केले. ज्या ग्रंथाने कोणी काय ल्यावे हे ठरवले, तो ग्रंथ जळाला आणि त्यापाठोपाठ ती आज्ञाही स्त्रियांनी आपल्या अंगावरून उतरवली. आम्हाला हा दिवस चवदार तळ्याच्या सत्याग्रहाइतकाच मोलाचा वाटतो. पाण्यावरचा हक्क तळ्याकाठी मागितला गेला, तर आपल्या देहावरचा हक्क येथे प्रत्यक्ष घेतला गेला.

पुढे गोलमेज परिषदेत, घटना समितीत आणि मंत्रिमंडळात बाबासाहेबांचा रुबाबदार पोशाख सर्वांनी पाहिला. घरी ते साधेपणाने राहत. त्यांचा खरा शौक पुस्तकांचा; दादरच्या राजगृहाची उभारणीच ग्रंथसंग्रहासाठी झाली.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते आले ते शुभ्र वस्त्रांत, आणि समोरचा लाखोंचा जनसागरही शुभ्र वस्त्रांत होता. पाली वाङ्मयात गृहस्थ उपासकाला श्वेतवस्त्रधारी म्हटले आहे. त्या दिवशी कोणाच्याही कपड्यावरून कोणाचीही पायरी कळत नव्हती. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. भगवान बुद्धांच्या काळातील भिक्षू स्मशानात वा उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्या धुऊन, शिवून त्यांचे पांसुकूल चीवर करीत. मनुस्मृतीतही प्रेताचेच वस्त्र आहे. परंतु एक स्वेच्छेने स्वीकारलेले, म्हणून वंदनीय झाले. दुसरे बळाने लादलेले, म्हणून अपमान ठरले. वस्त्राची प्रतिष्ठा कापडात नसून निवडीच्या स्वातंत्र्यात आहे, हे बाबासाहेबांच्या जीवनाचे सार आम्हाला या तुलनेत सापडते. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. अशा कुटुंबांतील मुलांना निवासी शाळेत धुतलेला गणवेश, विंचरलेले केस आणि कापलेली नखे यांचा आग्रह धरला जातो, तो केवळ शिस्तीपोटी नव्हे. आपण नीटनेटके राहण्यास पात्र आहोत, हा विश्वास त्या गणवेशासोबत मुलाच्या मनात शिवला जातो. त्याचबरोबर आज एक नवी सक्ती दारात उभी आहे. गोरेपणाची मलमे, महागडे जोडे आणि लग्नातील कर्जाचा थाट आपल्या मुलामुलींना पुन्हा दुसऱ्याच्या नजरेने स्वतःकडे पाहायला शिकवत आहेत. सावळा वर्ण लपवावासा वाटणे ही त्याच जुन्या खुणेची नवी आवृत्ती होय. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी घरातील मुलांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. नटण्यात काहीच गैर नाही. मात्र ते आपल्या आनंदासाठी असावे, कोणाच्या भीतीने वा लाजेने नव्हे. आणि नव्या कपड्यांसाठी चार पैसे बाजूला काढताना त्यांतला एक तरी पुस्तकासाठी राखावा.

जय भीम! नमो बुद्धाय!