ख्रिस्तपुराणकर्ता स्टीफन्स

इंग्लंडात जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेज्वीट पाद्री इ. स. १५७९ साली पोर्तुगीज जहाजाने गोव्यास उतरला. पुढच्याच वर्षी पोर्तुगाल देश स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचे हाती गेला, आणि इंग्लंडाचे त्या राजाशी वैर वाढत चालले. १५८३ त राल्फ फिच व त्याचे तीन इंग्रज सोबती ओर्मुझ येथे हेर समजून पकडले गेले व गोव्याच्या तुरुंगात पडले. स्टीफन्स स्वतः पोर्तुगीजांच्या आश्रयास होता. तथापि त्याने खटपट करून त्यांस जामिनावर सोडविले. फिच १५९१ त स्वदेशी पोहोंचला. पुढे १६०० त इंग्रजांची व १६०२ त डचांची कंपनी निघून पोर्तुगीजांची समुद्रावरील सत्ता खचत गेली.

स्टीफन्स मात्र गोव्यातील साष्टी प्रांतात लोकांची भाषा शिकत राहिला. त्याचे सुमारे ११,००० ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ त राशोल येथे छापले गेले. १६१९ त तो मरण पावला. इंग्रजी राज्य १९४७ त व पोर्तुगीज राज्य १९६१ त येथून गेले, ओव्या राहिल्या. म्हसा येथील जत्रेत बैल घ्यावयाचा तर विकणाराची बोली बोलावी लागते, हे उपदेशकांस ठाऊकच आहे.