भिंतीवरचे चित्र आणि हातातली माती : ताराबाई मोडक

शिशुवर्गाच्या खोलीत मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर पुस्तकांचे फडताळ असावे, त्यात अक्षरांपेक्षा चित्रे अधिक असावीत, चित्र पाहून झाले की मुलाने बोलावे, नाचावे, मातीचा बैल करावा किंवा कागदावर आपले वेगळेच चित्र काढावे, हे आजच्या पालकांना नवे वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी ते नुसते नवेच नव्हे, तर थोडेसे वेडेपणाचे वाटत असे. शाळा म्हणजे पाटी, पाढे आणि छडी, अशी समजूत पक्की असलेल्या काळात ज्यांनी ही खोली महाराष्ट्रात उभी केली, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव पहिले घ्यावे लागते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजातले. मुलींनी शिकावे की नाही हा प्रश्नच त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याची वेळ आली. त्या काळच्या सुशिक्षित स्त्रीलाही हे किती अवघड होते, याची कल्पना आज पुरती येणार नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळाले. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्याच भारतीय स्त्री. पगार, मान, बंगला, सारे होते. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते आणि मारिया माँटेसरी यांच्या विचारांनी ते भारून गेले होते. गुजराती मुले त्यांना प्रेमाने मिशीवाली आई म्हणत. ताराबाईंनी तिथे सुमारे नऊ वर्षे काढली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली आणि मुलांसाठी छोट्या छोट्या पुस्तकांचा रतीब सुरू झाला.

माँटेसरीबाईंना लहान वयातल्या मुलांसाठी पऱ्या-राक्षसांच्या गोष्टी फारशा पसंत नव्हत्या. मुलाला आधी खरे जग कळू द्यावे, असा त्यांचा आग्रह. भावनगरच्या मंडळींनी त्यांची साधने घेतली, शिस्तीविषयीचा विचार घेतला, मुलाविषयीचा आदर तर संपूर्ण घेतला. गोष्ट मात्र सोडली नाही. ज्या देशात आजीच्या मांडीवर चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकल्याशिवाय मूल झोपत नाही, तिथे गोष्टीला शाळेबाहेर ठेवणे त्यांना मान्य नव्हते. गोष्टीबरोबर नाटक आले, लोकगीत आले, चित्र आले, मातीकाम आले. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टींची पुस्तके आणून वर्गाचे ग्रंथालय करतो आणि मग त्या वर्गात जे जे घडते ते वाचण्यासारखे आहे. ते पुस्तक ज्या मंडळीत वाढलेल्या विचारांतून आले, त्या मंडळीत ताराबाई होत्या.

मुलांसाठी चित्रांचे पुस्तक ही कल्पना जगात तशी जुनी. कोमेनिअस या मोराव्हियातील शिक्षणवेत्त्याचे ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ साली न्यूरेंबर्गला छापले गेले. त्यात प्रत्येक वस्तूचे चित्र आणि त्याखाली तिचे नाव होते. आपल्याकडे चित्र आले ते बहुधा अंकलिपीच्या चौकोनात. ग गणपतीचा, घ घड्याळाचा. चित्र तिथे अक्षराचे हमाल होते; अक्षर मुलाच्या डोक्यात पोचवले की त्याचे काम संपले. बालमंदिरात चित्राकडून याहून निराळी अपेक्षा होती. चित्र हे बोलण्याचे आणि करण्याचे निमित्त. चित्रातली म्हातारी कुठे निघाली असेल, तिच्या गाठोड्यात काय असेल, हे मुलाने सांगायचे आणि मग ते गाठोडे कागदाचे, चिंधीचे, मातीचे, जसे जमेल तसे करायचे.

या फरकाचे मूळ समजण्यासाठी काशीकडे पाहावे. रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. रामघाटावरच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात वेद मुखोद्गत करण्याची परंपरा जपली गेली आहे. गुरूने संथा द्यायची, शिष्याने ती घोकायची. ना चित्र, ना खेळ. त्या विद्येला ते शोभतेही, कारण तिथे स्वराचा एक अंश ढळला तरी विद्या बिघडते. दहा शिष्यांनी एकच ऋचा अगदी एकसारखी म्हणणे हेच तिथले यश. आपल्या प्राथमिक शाळांनी ही संथा तेवढी उचलली आणि भूगोलापासून चित्रकलेपर्यंत सगळ्याला लावली. गुरुजींनी फळ्यावर आंबा काढायचा आणि चाळीस मुलांनी चाळीस पाट्यांवर तोच आंबा उतरवायचा. वेदाच्या बाबतीत जे पाठभ्रंशापासून रक्षण होते, तेच आंब्याच्या बाबतीत मुलाच्या डोळ्यांवर झापड झाले. चाळीस मुलांचे चाळीस निराळे आंबे निघाले तर वर्ग फसला नसून साधला, ही उलटी मोजपट्टी ताराबाईंसारख्यांनी मराठी शिक्षकांच्या हाती दिली.

मराठी ‘शिक्षणपत्रिका’ १९३३ मध्ये निघाली. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले आणि त्याच्या जोडीला शिक्षिकांचे प्रशिक्षणही. दादरच्या मध्यमवर्गीय आईबापांना ही शाळा हळूहळू पटली. साधने मिळत होती, मुले स्वच्छ कपड्यांत येत होती, पालकसभा भरत होत्या. १९३९ मध्ये गिजुभाई गेले आणि बालशिक्षणाच्या कामाचा मोठा भार ताराबाईंवर आला. इथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

परंतु एक प्रश्न राहत होता आणि तो साधा नव्हता. माँटेसरी साधनांचा संच महाग. रंगीत चित्रांची पुस्तके त्याहून दुर्मीळ. म्हणजे ज्यांच्या घरी आधीच पुस्तके आहेत त्यांच्याच मुलांसाठी हे शिक्षण का? देशातली बहुसंख्य मुले खेड्यांत होती आणि त्यांच्यापर्यंत यातले काहीच जात नव्हते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई मुंबई सोडून ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. १९४५ च्या अखेरीस तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, स्वतःच्या हिमतीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंची आणि त्यांची गाठ त्याच वर्षी बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिरात पडली होती. ती अखेरपर्यंत सुटली नाही.

बोर्डीला पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. बोलावून येईनात, समजावून येईनात. मग शाळाच वस्तीत गेली. कोणाच्या तरी अंगणात सतरंजी पडली. मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, सगळे तिथेच. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी फाइलीत इतका रुळला आहे की त्यातले अंगण कोणाला दिसत नाही. ते खरोखरचे, शेणाने सारवलेले अंगण होते.

साधनांचा प्रश्न तिथल्या मातीनेच सोडवला. मोजायला चिंचोके आणि शिंपले, रंग ओळखायला फुले, आकार लावायला पाने, लहानमोठे ठरवायला दगडगोटे, घडवायला माती. दुकानातून आणायचे ते फार थोडे. यात काटकसर होतीच, पण नुसती काटकसर नव्हती. विकतच्या साधनाचा उपयोग ठरलेला असतो. चिंचोक्याचा ठरलेला नसतो. तो आज पैसा होईल, उद्या डोळा होईल, परवा रांगोळीचा ठिपका.

काही वर्षांनी, १९५७ च्या सुमारास, हे काम बोर्डीहून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वस्ती वारल्यांची. सावकार आणि जमीनमालक यांच्या वेठीखाली पिढ्या भरडलेल्या. याच भागात १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचे बंड झाले होते. इथल्या मुलाला शाळेची ओढ असण्याचे काही कारणच नव्हते. अंकलिपीतले घड्याळ त्याच्या झोपडीत नव्हते, पुस्तकातली भाषा त्याच्या बोलीहून वेगळी होती. शिवाय सहा-सात वर्षांचे मूल घरातले कमावते नसले तरी राबते होते. ते गुरे राखी किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे.

ताराबाई आणि अनुताई यांनी मुलांना दोष दिला नाही. धाकटे भावंड असेल तर त्यालाही आणावे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. तिचे नाव विकासवाडी. मूल कुरणावर असेल तर शिक्षिकेने कुरणावर जावे, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे चरत राहत आणि शाळा चालत राही. पुस्तक नसले तर नसले. झाड, पक्षी, पाऊलवाट, ओढा समोर होते, आणि रानातली नावे मुलांना शिक्षिकेपेक्षा अधिक ठाऊक होती.

आणि चित्र? वारल्यांना चित्र शिकवायला कोणी जाण्याची गरज नव्हती. त्यांच्या घरी लग्न म्हटले की गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या होत्या. त्रिकोणांची माणसे, तारप्याभोवतीचा फेर, झाडे, गुरे, देव. ज्या मुलांच्या घरी एकही छापील पान नव्हते त्यांच्या घराची भिंतच चित्रांचे पुस्तक होती, तेही आईने आणि आजीने लिहिलेले. बाहेरच्या जगाला या चित्रांचे मोल पुढे, १९७० नंतर जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे कळले. मागास म्हणून हिणवलेल्या मुलांकडे शहरी शिशुवर्गाला हेवा वाटावा अशी ठेव होती, हे बालशिक्षणाच्या इतिहासात अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मानसन्मानांचा हिशेब एवढ्यावर आटोपता येतो. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. कोसबाडच्या टेकडीवरचे काम अनुताईंनी आणखी एकोणीस वर्षे, १९९२ साली स्वतःचा देह ठेवीपर्यंत, चालू ठेवले.