टोयोहिको कागावा आणि ग्राहकांचे दुकान

किराणा मालाचे दुकान हा थोर पुरुषाच्या चरित्रात शोभण्यासारखा विषय नव्हे, असे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस वाटेल. जपानातील टोयोहिको कागावा यांचे चरित्र पाहिले असता हा समज टिकत नाही.

कागावा यांचा जन्म १० जुलै १८८८ रोजी कोबे येथे झाला. अगदी लहानपणीच मातापित्यांचे छत्र हरपले व आप्तांच्या घरी, तोकुशिमा येथे, ते वाढले. मिशनऱ्यांच्या सहवासात येऊन १९०४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे क्षयाने शरीर पोखरलेले असतानाच, १९०९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, ते कोबेतील शिनकावा नामक दरिद्री वस्तीत राहावयास गेले. आजारी, भिकारी, जो येईल त्यास त्यांनी आपल्या खोलीत जागा दिली. तेथेच खुपऱ्यांचा रोग जडून त्यांची दृष्टी कायमची अधू झाली.

ह्या वस्तीत त्यांनी स्वस्त जेवणाची एक खानावळ उघडली होती. लोक जेवीत, परंतु पुष्कळ जण पैसे देत नसत. लवकरच ती बंद पडली. हे अपयश आम्हांस त्यांच्या अनेक यशांहून विचारार्ह वाटते. खानावळ कागावांची होती, जेवणाऱ्यांची नव्हे. ती बुडाल्याने जेवणाऱ्यांचे स्वतःचे असे काहीच बुडत नव्हते.

१९१८ साली तांदूळ इतका महागला की जपानभर दंगे उसळले व कोबेतही जाळपोळ झाली. दया पुरी पडत नाही, हे कागावांस तोपर्यंत कळून चुकले होते. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली २८ जणांनी पै-पैसा जमवून पीठ, लोणी, साखर अशा मोजक्या जिनसांचे दुकान काढले होते, त्याची रीत त्यांनी पुढे ठेवली. भाग घेणारा प्रत्येक जण मालक. भाग कितीही असोत, मत एकच. माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा. आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या मानाने त्यास परत. ज्या पालकांच्या घरी महिनाअखेर वाण्याची वही येते, त्यांस रोखीच्या नियमाचे मर्म आम्ही काय सांगावे!

१९२० साली ओसाका येथे व १९२१ साली कोबे आणि शेजारच्या नाडा येथे अशी भांडारे त्यांच्या प्रेरणेने निघाली. त्याच १९२१ च्या उन्हाळ्यात कोबेच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला. पुढारी म्हणून कागावांस अटक झाली व संप फसला. भांडारे मात्र टिकली. नोकर घरोघर जाऊन मागणी टिपून घेत व माल पोहोचवीत. त्यामुळे गृहिणींचा व भांडाराचा नित्य संबंध राहिला.

१९३८ च्या अखेरीस ते मद्रासजवळ तांबरम येथील ख्रिस्ती परिषदेस आले व पुढे गांधीजींस भेटले. शांततावादासाठी १९४० साली त्यांस लष्करी पोलिसांनी पकडले. तरी युद्धाच्या अखेरीस त्यांनी सरकारच्या बाजूने नभोवाणीवर भाषणे केली, हेही त्यांच्या चरित्रात लिहिलेच पाहिजे. २३ एप्रिल १९६० रोजी टोकियो येथे ते निवर्तले.

१९६२ साली कोबे व नाडा येथील संस्था एक झाल्या. सभासद लाखांनी वाढले. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ह्या संस्थेची मुख्य कचेरी कोसळली, परंतु जी दुकाने उभी होती त्यांपैकी बहुतेकांनी त्याच दिवशी माल देण्यास प्रारंभ केला.