विश्लेषण : बीसीजीमधील ‘सी’ कोण? सर्पदंशाच्या इंजेक्शनशी त्यांचा संबंध काय?

वडीगोद्री (ता. अंबड, जि. जालना) : रात्रीच्या लाइटवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्यांना नाग-मण्यारची भीती नवी नाही. साप चावल्यावर दवाखान्यात मिळणाऱ्या इंजेक्शनचा पाया घालणाऱ्यांपैकी एकाचे नाव बीसीजी लशीतही आहे. त्यातला ‘सी’ म्हणजे आल्बेर काल्मेत.

कोण होते काल्मेत?
जन्म १८६३, नीस (फ्रान्स). नौदलात डॉक्टर. १८९१ मध्ये त्यांनी व्हिएतनाममधील सायगावात पाश्चर इन्स्टिट्यूट उभारली. त्याच वर्षी बाक लिऊ भागात पुरामुळे नाग घरांत शिरले आणि चौघे दगावले. काल्मेत यांनी जिवंत नाग मागवून विषाचा अभ्यास सुरू केला.

विष नेमके काय करते?
मेंदूचा हुकूम मोटर नर्व्हमधून स्नायूकडे जातो. नर्व्हच्या टोकातून असिटिलकोलीन हे रसायन सुटले की स्नायू आकसतो. नागाचे विष स्नायूवरील या रसायनाची जागा अडवते. मण्यारचे विष नर्व्हचे टोकच निकामी करते. ब्लॅक विडो कोळ्याचे विष उलटे वागते. रसायन एकदम बाहेर पडते आणि स्नायू आखडतात. नाग-मण्यारच्या दंशात मात्र पापण्या जडावतात, गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वास थांबतो.

उतारा कसा मिळाला?
विष टोचून तयार केलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात उतारा असतो, हे १८९४ मध्ये काल्मेत आणि पॅरिसमधील फिसालिक्स-बर्त्रां यांनी स्वतंत्रपणे दाखवले. पुढे लील शहरात काल्मेत यांनी घोड्यांपासून प्रतिविष बनवले.

मुंबईत काय घडले?
नागाचे प्रतिविष सर्व सापांवर चालेल, असे काल्मेत मानत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लॅम्ब यांनी ते घोणसच्या विषावर चालत नसल्याचे दाखवले. म्हणून आज भारतातील इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून बनते.

शेवट कसा झाला?
गेराँ यांच्यासोबत १३ वर्षे खपून त्यांनी क्षयरोगावरील बीसीजी तयार केली. १९२१ मध्ये ती प्रथम बाळाला दिली गेली. १९३० मध्ये जर्मनीतील ल्युबेक येथे लस दिलेली ७० हून अधिक बाळे दगावली. तेथील प्रयोगशाळेत लशीत घातक जंतू मिसळल्याचे सिद्ध झाले. पण हा घाव काल्मेत यांना लागला. १९३३ मध्ये ते वारले.

आपण काय लक्षात ठेवावे?
प्रतिविष रक्तातले विष पकडते. मण्यारने बिघडवलेले नर्व्हचे टोक लगेच दुरुस्त करत नाही. त्याला दिवस लागतात, तोवर व्हेंटिलेटर लागू शकतो. मण्यारचा दंश अनेकदा दुखतही नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.