पहाटे दोनला मुलाला उठवणारे सुभेदार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्वत्तेचा विषय निघाला की कोलंबिया आणि लंडन येथील पदव्यांचा उल्लेख हमखास होतो. त्या पदव्यांचा पाया मात्र परळच्या डबक चाळीतील एका खोलीत घातला गेला. तो घालणारे होते त्यांचे वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. घराणे कबीरपंथी, पेशा लष्कराचा. लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे मुख्याध्यापकी केली. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. निवृत्तीनंतर दापोली आणि पुढे सातारा असा कुटुंबाचा प्रवास झाला. साताऱ्यातच पत्नी भीमाबाई निवर्तल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव तेथील सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात मात्र त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. शाळेत जे मिळत नव्हते, ते घरी देण्याचा रामजींनी चंगच बांधला. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. खोली एकच. त्यातच चूल, जाते, सरपण आणि शेळीसुद्धा. दोघांना एका वेळी पाय पसरायलाही जागा नव्हती. म्हणून मुलाला लवकर झोपवून रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवत आणि त्याच जागी आडवे होत. पुस्तकाची मागणी आली की ते विवाहित मुलींकडे जात. एकीकडे पैसे नसतील तर दुसरीकडचा दागिना घेऊन तो गहाण टाकत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करत.

या ध्यासाची किंमत घरातील दुसऱ्या मुलाने मोजली. दोघांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. रामजींच्या थोरवीचे वर्णन करताना आनंदरावांचे नाव सहसा कोणी घेत नाही.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. अंधेरी-बोरिवलीच्या पालकसभांतून नव्वद टक्क्यांचा हिशेब मांडणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. अस्पृश्य मानलेल्या समाजाला मात्र तो सत्कारासारखा प्रसंग होता.

बी. ए. झाल्यावर भीमराव बडोद्यास नोकरीस गेले. काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणाची तार आली. परतताना सुरत स्थानकावर ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले, तेव्हा रामजींचा प्राण जणू त्यांच्यासाठीच अडकला होता. मुलाला डोळे भरून पाहिल्यावर, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, त्यांनी अखेरचा श्वास घेतला.