अलेक्झांडर फ्लेमिंग : पेनिसिलिन दिलं, इशाराही दिला



पेनिसिलिनचा शोध कोणी लावला, हे आपली मुलं पटकन सांगतात. पण त्याच फ्लेमिंग यांनी जगाला एक इशाराही दिला होता. तो मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो. म्हणून आज हा पाठ.

बालपण आणि शिक्षण

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्वेल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे ते भावाकडे लंडनला आले आणि जहाज कंपनीत चार वर्षं कारकुनी केली. काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठे वैद्यकीय शिक्षण घेता आलं. १९०६ साली ते सेंट मेरीज रुग्णालयातून डॉक्टर झाले आणि तिथेच जंतूंचा अभ्यास करू लागले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये होते. गोळी लागून वाचलेले जवान जखम चिघळून मरताना त्यांनी पाहिले. जंतू मारेल पण माणसाला इजा करणार नाही असं औषध हवं, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं.

बुरशीची करामत

सप्टेंबर १९२८ मध्ये ते सुट्टीवरून परतले. जंतू वाढवलेल्या एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेले होते. दुसऱ्या कुणी बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी ती जपून ठेवली. बुरशीतल्या त्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन नाव दिलं.

पण त्यांना ते शुद्ध करता आलं नाही. ते काम पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. १९४१ साली त्यांनी एका पोलीस शिपायाला ते दिलं. तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला आणि तो दगावला. नंतर उत्पादन वाढलं आणि न्यूमोनियासारख्या आजारातून असंख्य माणसं उठून बसली. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळालं.

तो इशारा

नोबेलच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून कमी प्रमाणात घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. चूक एकाची, जीव दुसऱ्याचा.

आज अतिदक्षता विभागात हेच दिसतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी असते. त्याला नीट खोकता येत नाही. नळीवाटे जंतू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. त्यातले क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू कित्येक औषधांना दाद देत नाहीत. मग डॉक्टरांकडे एकदोनच औषधं उरतात आणि त्यातलं कोलिस्टिन मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतं. इथे एक गोष्ट मुलांना नीट सांगावी : औषधाची सवय आपल्या शरीराला होत नाही, जंतूंना होते.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचं लंडनमध्ये निधन झालं. त्याच सुमारास आपल्या पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिन कारखाना सुरू होत होता.

आपण काय करायचं?

शाळा बुडू नये म्हणून मागच्या वेळचं उरलेलं औषध मुलाला पाजणारे पालक आपण पाहतो. काही वेळा ते पालक आपणच असतो! सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतं, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आणि दिलेलं औषध सांगितलं तितकंच, सांगितले तितके दिवस घ्यायचं.

उद्या वर्गात मुलांना घरून रिकामं पाकीट आणायला सांगा आणि ती लाल रेघ शोधू द्या. फ्लेमिंग यांचा पाठ तिथूनच सुरू करता येईल.